पाहुणे येईपर्यंत

कांद्याच्या काढणीचे दिवस होते आणि ऊन असं की सकाळी आठलाच जमिनीला हात लावायची सोय नव्हती. गावातली हातपाय हलणारी सगळी माणसं शेतावर. घरात उरले ते पाळण्यातले आणि खाटेवरचे.

पाथरवटाच्या घरात खाटेवरचा एकच होता, खुद्द पाथरवट. चाळीस वर्षं त्यानं छिन्नी-हातोडीनं जाती, उखळं, उंबरठे घडवले. मागच्या थंडीत एका सकाळी छिन्नी हातातून गळून पडली ती पडलीच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगा लांब धरणाच्या कामावर, दोन-दोन महिने यायचा नाही. घरात राहिली सून आणि हा.

वहीवाली त्या घरी पहिल्यांदा गेली तेव्हा दारातच थबकली. वहीवाली म्हणजे संस्थेची कार्यकर्ती. घरोघर फिरून म्हाताऱ्या-आजाऱ्यांची विचारपूस करायची, काय हवं-नको ते वहीत उतरवायचं आणि कचेरीत पोचवायचं, हे तिचं काम. सात गावं तिच्याकडे होती आणि सातही गावांत तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तोंडावर ताई, पाठीमागे वहीवाली.

थबकली ती वासानं. मुताचा वास तिच्या सवयीचा होता. हा वेगळा होता. गोडसर, घशाच्या आत जाऊन बसणारा. तिनं तोंडानं श्वास घेतला आणि आत पाऊल टाकलं. खोली झाडलेली होती, भांडी घासून पालथी घातलेली. खाटेवर म्हातारा डाव्या कुशीवर होता आणि त्याचा धडका, डावा हात कापडाच्या पट्टीनं खाटेच्या माच्याला बांधलेला होता.

सून तेवढ्यात शेतावरून धावत आली. हात कोपरापर्यंत मातीचे, अंगाला कांद्याचा उग्र दर्प. वहीवालीची नजर पट्टीवर आहे हे बघून ती जागच्या जागी पांढरी पडली.

"ताई, बसा ना," म्हणाली, आणि स्वतःच मटकन खाली बसली.

"बांधलंयस का गं त्यांना?"

"मग काय करू? तो हात धडका आहे ना, त्याच्यावर जोर काढून उठायला बघतात. दोनदा खाली पडले. एकदा डोकं फुटलं, मी येईपर्यंत रक्तात पडून होते. कामावर नाही गेले तर चूल पेटत नाही आणि गेले तर जीव इकडे." तिनं नाक पुसलं, मातीचा पट्टा गालावर उमटला. "सैल बांधते, ताई. दुपारच्या सुट्टीत येऊन सोडते, पुसते, भरवते. पण कुणाला सांगू नका. ह्यांच्या मुलाच्या कानावर गेलं तर तो मला उभी चिरेल. आणि गाव काय, ते तर वाटच बघतंय."

"माझ्यापाशी सांगितलेलं माझ्यापाशी राहतं," वहीवाली म्हणाली. हे वाक्य तिला पाठ होतं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

दोघींनी मिळून म्हाताऱ्याला वळवलं. माकडहाडावर जखम होती, लिंबाएवढी. कडा काळपट, मधे पिवळं. सून मिठाच्या पाण्यानं धुवायची, पण पाणी कुठून आणणार? गावची विहीर तळाला गेलेली, हापसा सकाळी दोन तास चालायचा. रोज दोन बादल्या एकट्या म्हाताऱ्याला लागायच्या आणि त्या दोन बादल्यांवरून शेजारणी सुनेला टोमणे मारायच्या. "मेलेल्याला आंघोळ एकदाच घालतात बाई," असं एक जण तोंडावर म्हणाली होती.

"ह्यांना हवेची गादी लागेल," वहीवाली म्हणाली. "अंगाखाली दाब राहत नाही, जखम भरते. मी मागणी करते. आठ दिवसांत आणून देते बघ."

म्हातारा तिच्याकडे बघत होता. वाचा गेली तरी डोळे गेले नव्हते. पाहुणीला पाणी विचारलं का, असं काहीतरी तो डोळ्यांनी सुनेला विचारत होता, आणि सुनेला ते कळलंही. ती तांब्या घेऊन आली.

वहीवालीनं सगळं वहीत लिहिलं. जखम लिहिली, गादी लिहिली आणि हाताची पट्टीही लिहिली. लिहायचं का नाही यावर पेन घटकाभर अडलं. पण पाहिलेलं लिहायचं हा नियम होता, आणि वही फक्त सर बघतात.

*

सर म्हणजे कचेरीचे प्रमुख. माणूस गोड. कुणावर आवाज चढवणार नाही, कार्यकर्तीच्या घरी कुणी आजारी असलं तर आठवणीनं विचारणार. कचेरीच्या भिंतीवर त्यांनी निळ्या रंगात तीन शब्द रंगवून घेतले होते: सन्मान, संमती, गुप्तता. खालीच पाण्याचा माठ असल्यामुळे 'गुप्तता'ला ओल आली होती.

आठव्या दिवशी गादी आली. गुरुवार होता. वहीवालीनं स्वतः गाडीतून उतरवून घेतली, निळ्या पिशवीत घडी घातलेली, सोबत पायानं दाबायचा पंप.

"मी आत्ताच नेते, सर. दुपारची गाडी मिळेल."

"बसा, ताई," सर म्हणाले. त्यांच्यापुढे तिची वही उघडी होती. "ही पाथरवटाची केस. फार चांगलं लिहिलंयत तुम्ही. तो हात बांधलेला, सून शेतावर... वाचताना काटा आला अंगावर. असं काम आपण करतो हे लोकांना कळतच नाही."

"हो, सर. पण ती म्हणाली होती की..."

"बुधवारी पाहुणे येतायत. मदत देणारे. त्यांच्या हातून गादी देऊ. सहा दिवसांचा तर प्रश्न."

"जखम वाढतेय, सर."

"सहा दिवसांत काय होतंय? इतके महिने काढलेच ना त्यानं?" ते हसले. "हे बघा, आज तुम्ही ही एक गादी देऊन याल. एक म्हातारा सुखी होईल. पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर पन्नास गाद्या येतील. पन्नास म्हातारे. आता सांगा, कोणतं पुण्य मोठं?"

 वहीवालीला हिशेब बरोबर दिसत होता आणि तरी कुठेतरी कुजका लागत होता. सरांनी एक कागद पुढे सरकवला. "आणि हा संमतीचा फॉर्म. भेट, फोटो, सगळं त्यात आहे. सुनेचा अंगठा घेऊन या. तुमच्या कायम होण्याचा कागदही मी याच महिन्यात वर पाठवतोय."

गादी कोठीत गेली. कोठीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म घेऊन गेली तेव्हा सून हापशाच्या रांगेत होती. पुढे चार घागरी, मागे नऊ.

"ताई, गादी आली?"

विचारलं ते इतक्या आशेनं, की वहीवालीनं बादलीकडे बघत उत्तर दिलं. "वरून नाही आली अजून. येईल."

"हा कागद कशाचा?"

"औषधपाण्याचाच. संस्थेची माणसं येऊन बघणार ह्यांना, त्याचा."

फोटोचं ती बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण रांगेत नऊ जणी कान टवकारून उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या नऊ जणींचं तिला निमित्तच झालं. सुनेनं ओला अंगठा फडक्याला पुसला, शाईत बुडवला आणि सांगितलं तिथे टेकवला.

"तुम्ही आहात म्हणून धीर आहे, ताई," ती म्हणाली.

*

बुधवारी पाहुणे आले नाहीत. त्यांचं सोमवारवर गेलं.

त्या पाच दिवसांत वहीवाली दोनदा पाथरवटाकडे गेली. जखम आता मुठीएवढी झाली होती. सुनेनं खाटेवर भुसा भरलेलं पोतं घातलं होतं, जरा मऊ लागावं म्हणून. पण घामानं आणि मुतानं ते एका दिवसात थबथबलं. माशा इतक्या, की जेवण भरवताना एका हातानं पंखा हलवायचा आणि दुसऱ्या हातानं घास. म्हातारा तोंड मिटून घ्यायला लागला होता. भूक नव्हती म्हणून नव्हे. खाल्लं की मागून निघतं आणि सुनेला पाण्यासाठी पुन्हा शिव्या खाव्या लागतात, हे त्याला कळत होतं.

"मुद्दाम खात नाहीत," सून म्हणाली. "मी ओळखते ना. आयुष्यात कुणाचं उष्टं भांडंही उचलू दिलं नाही ह्यांनी. लग्न होऊन आले त्या वर्षी मी एकदा ह्यांचं धोतर धुतलं, तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. लाजेनं."

रविवारी दुपारी वहीवाली घरी जेवायला बसली आणि घास फिरू लागला. तो गोडसर वास तिच्या बोटांना लागला होता, किंवा तिला तसं वाटत होतं. समोर तिची सासू जेवत होती. सासूला खोटं सांगून चालायचं नाही, म्हातारी ताटाकडे बघून पोट ओळखायची.

"काय झालंय? गरोदर बाईसारखं तोंड करून बसलीयस."

वहीवालीनं सगळं सांगितलं. सासू जेवण न थांबवता ऐकत राहिली. शेवटी पाणी पिऊन म्हणाली, "गादी कोठीत आणि माणूस भुशावर?"

"हो."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते मी. ह्यांना मरेपर्यंतही दम निघेना."

"मग काय करू, आत्या? नोकरी सोडू?"

"नोकरी कशाला सोडतेस? ह्या घरात एकच पगार येतो आणि तो तुझा आहे. तुझा नवरा सहा महिने झाले पाठीला पट्टा लावून छत बघतोय." तिनं ताट उचललं. "मी तुला कर म्हणत नाही आणि करू नकोही म्हणत नाही. तू सांगितलंस, मला ते जसं दिसलं तसं मी बोलले. आता खा."

त्याच वेळी फोन वाजला. सर होते.

"ताई, उद्याचं नक्की आहे. दहाला पोचतोय आम्ही. एक छोटी गोष्ट. उद्या सकाळी त्याला धुऊ-पुसू नका म्हणावं सुनेला. आणि ती पट्टीही राहू दे. आहे तसं दिसू दे. आपल्याबरोबर नर्स आहे, ती सगळ्यांसमोर नीट स्वच्छ करेल. फरक दिसला पाहिजे. समजलं ना?"

"सर, ते फार..."

"अहो, दोन-चार तासांचा प्रश्न."

ती "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपल्या तोंडातून हा शब्द दुसऱ्याच कुणी काढला असावा. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सासू भांडी घासत होती आणि मागे वळून बघत नव्हती.

*

सोमवारी ती सातलाच पोचली. सुनेनं कामाचा दिवस पाडला होता. मुकादमानं सांगितलं होतं, आज नाही आलीस तर उद्या दुसरी बघतो. तरी ती थांबली होती. संस्थेची माणसं येणार म्हणून तिनं अंगण सारवलं होतं, शेजारून एक खुर्ची मागून आणली होती आणि पहाटे उठून दोन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं. म्हाताऱ्याला नुकतीच परसाकडे झाली होती. ती फडकं भिजवत होती.

"राहू दे," वहीवाली म्हणाली.

"अं?"

"आज राहू दे. नर्स येणार आहे. ती येऊन करेल."

सून हसली. तिला वाटलं, ताई थट्टा करतेय. "अहो, घाणीत पडलेत ते. पाहुण्यांसमोर असं?"

"त्यांना बघायचंय आहे तसं. म्हणजे... औषध नीट देता येतं. दहाला येतायत."

फडकं सुनेच्या हातात तसंच राहिलं. पाणी ठिबकत होतं. मग तिनं ते हळूच बादलीच्या काठावर ठेवलं. शिकलेली बाई सांगतेय म्हणजे काहीतरी असेल, असा तिचा चेहरा झाला. वहीवालीला तो चेहरा बघवेना. तिनं वही उघडली आणि तारीख लिहिली. तारखेखाली लिहायला काही सुचेना.

दहा वाजले. अकरा वाजले. पत्रा तापला, तडतड वाजू लागला. वास खोलीत मावेना, अंगणात आला. माशा आधी म्हाताऱ्याच्या मांड्यांवर होत्या, मग पाठीकडे गेल्या. त्यानं दोनदा डावा हात ओढला. पट्टी ताणली. तिसऱ्यांदा ओढला नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थेंबाथेंबानं गळू लागलं. सून पंखा हलवत होती. 

"ताई, पुसू का? पटकन?" बाराला तिनं विचारलं.

"येतीलच आता."

गाडी एक वाजता आली. वाटेत जेवून आले होते. सर, त्यांच्यामागे फोटोवाला, एक नर्स आणि तीन पाहुणे. त्यांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. दारात येताच एका पाहुण्यानं रुमाल नाकाला लावला; रुमालाला अत्तर होतं, आणि ते अत्तर त्या वासात मिसळलं. घाणीपेक्षा ते अत्तर घाण होतं.

सर हलक्या आवाजात माहिती देत होते. "हे बघा, हात बांधलेला. सून रोज अशी बांधून कामाला जाते. आमच्या कार्यकर्तीनं फार चिकाटीनं हे शोधून काढलं."

सुनेनं मान वर केली. तिनं सरांकडे पाहिलं नाही. वहीवालीकडे पाहिलं.

कुंपणाशी गावातल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज झाली. "बांधून ठेवते? अगं बाई!"

फोटोवाल्यानं खाटेवरची चादर बाजूला करायला सांगितली. नर्सनं चादर ओढली. म्हातारा उघडा पडला, कमरेपासून पायापर्यंत, घाणीनं माखलेला, सहा अनोळखी माणसांपुढे. त्याचं अर्धं तोंड हललं. चार महिन्यांत कुणी ऐकला नव्हता असा आवाज त्यातून निघाला.

"झा... झाक."

सून पुढे धावली. तिचा हात चादरीपर्यंत पोचला होता. "एकच मिनिट," सर म्हणाले, आणि त्यांनी वहीवालीकडे नजर टाकली. आणि वहीवालीनं सुनेचं मनगट धरलं. जोरानं नव्हे. हळूच, समजावणीनं, जसं पोराला धरतात तसं. फोटोवाल्यानं चार फोटो काढले. एक बसून, एक खाटेच्या पायथ्याकडून.

"झाक," म्हातारा पुन्हा म्हणाला. आता शब्द स्वच्छ होता.

मग नर्सनं त्याला वळवलं आणि तिच्या तोंडून "अगं आई" निघून गेलं. जखमेत अळ्या होत्या. पांढऱ्या, वळवळणाऱ्या, तांदळासारख्या. रुमालवाले पाहुणे अंगणात गेले आणि तिथे त्यांना उलटी झाली, सारवलेल्या अंगणात. पांढऱ्या केसांच्या बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "जखम इतकी होईपर्यंत गादी का नाही दिली?"

"आजच आली, बाई," सर म्हणाले. "आली तशी घेऊन निघालो. खरं म्हणजे घरच्यांचं दुर्लक्ष. काय करणार, अडाणी माणसं."

बाईंनी वहीवालीकडे पाहिलं. "असंच आहे का?"

कोठीचं कुलूप, निळी पिशवी, गुरुवार, सगळं तिच्या जिभेवर होतं.  तिनं खाली बघितलं. खाली बघणं म्हणजे होकारच झाला.

गादी पिशवीतून निघाली, पंपानं अर्धी फुगवली, पाहुण्यांनी एकेक हात लावला, फोटो झाले. नर्सनं जखमेवर काहीतरी ओतलं, वरवर पुसलं, पट्टी केली. सगळं मिळून वीस मिनिटं. बाईंनी जाताना आपल्या पत्त्याचं छापील कार्ड सुनेच्या हातात दिलं. सुनेनं ते न बघता खुर्चीवर टाकलं, तिथून ते वहीवालीनं उचललं. गाडी गेली. गाडीबरोबर पंपही गेला, कारण तो आवरायच्या घाईत पिशवीत भरला गेला होता. अर्ध्या तासात गादी बसली, पाणी गेलेल्या पखालीसारखी.

वहीवाली त्या वेळी तिथे नव्हती. सरांनी तिला गाडीतच बसवून घेतलं होतं.

*

मंगळवारी सरांनी तिला बोलावलं. टेबलावर तिची वही होती आणि एक कोरा कागद.

"बाईंना अहवाल पाहिजे. तुमच्या वहीत गादी गुरुवारी आल्याची नोंद आहे. ती तेवढी नीट करा. सोमवारची तारीख घाला. आणि एक परिच्छेद घरच्या दुर्लक्षावर. हात बांधणं, वेळेवर न धुणं."

"न धुणं?"

"हो ना. सोमवारी सगळ्यांनी बघितलं की."

वहीवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. माणूस खरोखरच शांत होता. त्याला आपण काही वावगं बोललो असं वाटतच नव्हतं. त्याच्या नखांखाली माती नव्हती, शर्टाला इस्त्री होती. अंगाला साबणाचा छान वास येत होता. आणि तिच्या घशात तोच गोडसर दर्प उठला, पाथरवटाच्या खोलीतला, पण इथे तो खाटेवरून येत नव्हता. तिचा स्वतःचा हात तिच्या नाकाशी आला आणि तिला सुनेचं मनगट आठवलं.

ती खुर्चीत बसली. कोरा कागद पुढे ओढला आणि लिहू लागली. सर समाधानानं दुसऱ्या कामाला लागले. गादी गुरुवारी आली. अकरा दिवस कोठीत होती. सुनेनं विश्वासानं सांगितलेलं मी उघड केलं. फॉर्मवर फोटोचं आहे हे मी तिला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी ती धूत असताना मी थांबवलं. म्हातारा झाक म्हणाला तेव्हा मी तिचा हात धरला. घरच्यांचं दुर्लक्ष नाही. खाली सही, तारीख. मग दुसरा कागद घेऊन तेच पुन्हा उतरवलं.

सरांनी वाचलं. पहिल्यांदा त्यांचा गोड चेहरा आंबला.

"ताई, यात तुम्हीच मरताय. फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही तुमची आहे. माझी कुठेच नाही."

"माहीत आहे."

"हा कागद फाडायला मला एक क्षण लागतो."

"फाडा. दुसरा बाईंना टपालानं जातोय."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. घरी नवरा आहे ना आजारी? विचार केलाय?"

"केला नव्हता तो आत्तापर्यंत," ती म्हणाली. "केला असता तर गुरुवारीच गादी घेऊन निघाले असते."

ती उठली. कोपऱ्यात सोमवारच्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. एकीतून पंपाची नळी बाहेर आली होती. तिनं पंप काढून घेतला. "त्याची नोंद लागेल," मागून सर म्हणाले. ती चालत राहिली. टपाल पेटीत तिनं पाकीट टाकलं, ते आत पडल्याचा आवाज आला तशी ती रस्त्याच्या कडेला बसली आणि भडाभडा ओकली. कामावरून ती त्याच आठवड्यात गेली. बाईंना पाठवलेल्या पत्राचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

*

त्या मंगळवारी पाथरवटाच्या दारात ती पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. कुंपणाच्या काठीवर कुणीतरी जुनी दोरी अडकवून ठेवली होती, मुद्दाम दिसेल अशी. बांधणारीचं घर म्हणून.

सून घरातच होती. मुकादमानं शब्द पाळला होता, दुसरी बाई लावली होती. तिनं म्हाताऱ्याला पुन्हा भुशाच्या पोत्यावर घेतलं होतं आणि चिमट्यानं एकेक अळी काढून राखेच्या वाटीत टाकत होती. तिनं वर बघितलं. "या" म्हणाली नाही, "जा" म्हणाली नाही.

"पंप आणलाय," वहीवाली म्हणाली.

सुनेनं हनुवटीनं कोपऱ्यातली गादी दाखवली. वहीवालीनं ती जमिनीवर पसरली, नळी जोडली आणि पायानं पंप दाबू लागली. फुस्स, फुस्स. थोड्या वेळानं, पाय चालू असतानाच, तिनं बोलायला सुरुवात केली. गादी कधी आली, कुठे होती, रांगेत मी काय सांगितलं, फॉर्ममध्ये काय होतं. एकही गोष्ट गाळली नाही. आवाज सपाट राहावा म्हणून ती पंपाकडेच बघत होती.

सुनेचा चिमटा मधेच थांबला होता. "अकरा दिवस?"

"अकरा."

"मी विचारलं तेव्हा कोठीत होती?"

"हो."

सुनेनं चिमटा राखेच्या वाटीवर टेकवला. मग म्हणाली, "आता कशाला सांगताय? तुमच्या पोटातलं माझ्या पोटात घालून तुम्ही मोकळ्या. मी कुणाच्या पोटात घालू? गावाला काय सांगत फिरू?"

वहीवालीचा पाय पंपावर चालत राहिला.

खाटेवरून आवाज आला. म्हातारा जागा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा डावा हात आज मोकळा होता. त्यानं बोटानं तिला जवळ बोलावलं. ती गेली, वाकली. त्याचे गाल हलत होते, ओठ जुळत होते, वाटलं काही बोलणार. तो थुंकला. पण अर्ध्या तोंडानं थुंकणार किती? थुंकी त्याच्याच हनुवटीवर ओघळली, मानेपर्यंत गेली. सून पुसायला उठली नाही. वहीवालीनं आपल्या पदरानं ती पुसली. त्याला धाप लागली होती. तरी त्यानं पुन्हा गाल हलवले, पुन्हा गोळा केलं. ती वाकलेलीच राहिली. या वेळी ते तिच्या गालावर आलं.

त्यानं डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला, काम उरकल्यावर माणसाचा उतरतो तसा.

ती सरळ झाली. गाल पुसायला हात वर गेला आणि अर्ध्यात राहिला.

"पाय का थांबवलात?" सून मागून म्हणाली. चिमटा पुन्हा चालू झाला होता. "हवा जातेय. दाबा."